सारखी सर्दी, सारखं इन्फेक्शन: अ‍ॅलर्जी की अँटिबॉडीची कमतरता?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. तपासण्यांची नावं लिहून घ्यायची आहेत, असे बरेच निरोप आले, म्हणून सविस्तर देतोय. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका फाईलबद्दल आहे. ती फाईल माझ्या ताईची. नऊ वर्षं जुनी, दोन्ही बाजूंनी फुगलेली, रबर लावून बंद केलेली. तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "नाव सांगू नकोस, बाकी सगळं सांग. निदान एखाद्याच्या घरी तरी कुणीतरी जुनी फाईल उघडून बघेल."

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. ताईच्या आजारपणात जे शिकलो, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते तुमच्यासमोर मांडतोय. हे ऐकून कुणी आपला पंप बंद करू नका, कुठली गोळी सुरूही करू नका. फक्त डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी हा भाग.

ताईची नऊ वर्षं

ताई सांगली जिल्ह्यात शाळेत शिकवते. एकतिसाव्या वर्षापासून तिला सारखी सर्दी व्हायला लागली. नाक चोंदायचं, शिंका यायच्या, खोकला जायचा नाही. सगळ्यांना कारण समोरच दिसत होतं: खडूची धूळ. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी, आम्हीही म्हणालो अ‍ॅलर्जी. रात्री एक गोळी, नाकात फवारा, पुढे छातीत घरघर सुरू झाल्यावर पंप.

यात चुकीचं काही नव्हतं. खरंच असं असंख्य लोकांना होतं आणि तेवढ्या औषधांवर ते बरे राहतात. ताई राहिली नाही. तिच्या सर्दीचं दर वेळी पिवळ्या-हिरव्या कफात रूपांतर व्हायचं, ताप यायचा, अँटिबायोटिक घ्यावं लागायचं. चौतिसाव्या वर्षी न्यूमोनिया. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा न्यूमोनिया, पाच दिवस अ‍ॅडमिट. टीबीची शंका आली, बेडका तपासला, टीबी नव्हता. मग परत तेच वाक्य: "अ‍ॅलर्जीची प्रकृती आहे, जपून राहायला पाहिजे."

चाळिसाव्या वर्षी आम्ही तिला पुण्याला एका छातीविकारतज्ज्ञांकडे नेलं. ताई नेहमीसारखी शिंकांबद्दल सांगायला लागली. डॉक्टरांनी थांबवलं.

"बाई, शिंकांचं नंतर बघू. गेल्या वर्षभरात अँटिबायोटिकचे कोर्स किती झाले?"

ताईने बोटांवर मोजले. "सात. की आठ."

"आणि कोर्स संपल्यावर किती दिवस बरं वाटतं?"

"पंधरा दिवस. फार तर तीन आठवडे."

डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलर्जी अँटिबायोटिकने बरी होत नाही, बाई. तुम्हाला बरं वाटतंय, म्हणजे तिथे जंतू होते. प्रश्न असा आहे की ते परत परत का येतायत?"

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही.

वरून सारखं, आतून वेगळं

अ‍ॅलर्जी आणि इन्फेक्शन यांत गोंधळ होतो, कारण दोन्हींत नाक गळतं, चोंदतं, खोकला येतो. पण आत चाललेलं काम उलटं असतं.

अ‍ॅलर्जीत शरीर निरुपद्रवी गोष्टीवर चवताळून उठतं. धुळीतले बारीक कीटक, पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी, मांजराचा कोंडा, गाजर गवताचे परागकण. यातलं काहीही आपल्याला मारायला आलेलं नसतं. तरी शरीर हिस्टामिन सोडतं आणि खाज, शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांतून पाणी असा प्रकार सुरू होतो. अ‍ॅलर्जीत ताप येत नाही आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा पांढरा डाग उमटत नाही.

अँटिबॉडीच्या कमतरतेत याच्या उलट. खरा शत्रू दारात आहे आणि त्याला धरायला माणूस नाही. सायनसमध्ये पू, कानात पू, छातीत न्यूमोनिया. औषधाने जातं, औषध संपलं की परत येतं.

मग वाटेल की ओळखणं सोपं आहे. पण एकाच माणसात दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि एक दुसरीचं सोंगही घेऊ शकते. शिवाय नुसता कफ हिरवा झाला म्हणजे जंतूच आहेत, असंही नाही. साध्या व्हायरसच्या सर्दीतही दोन-चार दिवस हिरवा कफ पडतो. म्हणून एका रंगावरून काही ठरत नाही. वर्षभराचा हिशेब मांडावा लागतो.

अँटिबॉडी: एक कारखाना, वेगवेगळा माल

कोविडनंतर अँटिबॉडी किंवा प्रतिपिंड हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. पण तो एकच पदार्थ नाही. रक्तातल्या 'बी' पेशी वेगवेगळ्या प्रकारच्या अँटिबॉडी तयार करतात. त्यातल्या चार आज आपल्याला लागणार आहेत.

आयजीएम ही पहिली धावून येणारी. आयजीजी रक्तात सर्वांत जास्त, एकूण अँटिबॉडींपैकी साधारण तीन चतुर्थांश, आणि दीर्घकाळ टिकणारी. आयजीए नाक, घसा, श्वासनलिका, आतडी यांच्या ओलसर अस्तरावर पहारा देणारी. आणि आयजीई, जी अ‍ॅलर्जी घडवून आणते. आयजीईचा शोध सगळ्यांत उशिरा लागला. अमेरिकेत काम करणारं इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिच यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, आणि १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत तिचं नाव पक्कं झालं. उशीर झाला कारण रक्तात ती असतेच फार थोडी.

आता आयजीजी नक्की काय करते? आम्ही सांगलीकडचे, म्हणून ताईने तिच्या मुलांना समजावलेला दाखला देतो. कुस्तीत घामाने निथळणारं अंग हाताला लागत नाही, निसटतं. म्हणून पैलवान एकमेकांच्या अंगावर आखाड्यातली तांबडी माती टाकतात, मग पकड बसते. न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारख्या जंतूंच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं निसरडं आवरण असतं. पांढऱ्या पेशींना ते धरता येत नाहीत. आयजीजी त्यांच्या अंगावर जाऊन चिकटते, तीच ती माती. मग पांढरी पेशी त्याला पकडते आणि गिळते. माती नसेल तर पैलवान कितीही ताकदीचा असो, समोरचा निसटतोच. आणि हेच जंतू सायनस, कान आणि फुफ्फुसांत बसतात. म्हणून अँटिबॉडी कमी असलेल्या माणसाच्या तक्रारी बहुतेक वेळा नाक-छातीपासून सुरू होतात.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १९५२ साली. अमेरिकन लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा होता, सतत जंतुसंसर्गाने आजारी पडणारा. त्यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघितली तर गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच गायब. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन टोचायला लागल्यावर मुलाची इन्फेक्शन्स आटोक्यात आली. आजही उपचाराचं मूळ तत्त्व तेच आहे.

पण लोकांच्या मनात त्यामुळे एक समज बसला की हे लहान मुलांचे आजार. तसं नाही. मोठ्यांमध्ये उपचार लागणारा जो प्रमुख प्रकार आहे, त्याचं निदान बहुतेकदा विशी ते चाळिशीत होतं, आणि लक्षणं सुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी होतं.

तीन प्रकार आणि प्रत्येकात अ‍ॅलर्जीचं वेगळं रूप

मंडळी, आजच्या भागातला महत्त्वाचा भाग हा. 'अँटिबॉडी कमी' हे एकच दुखणं नाही, आणि प्रत्येक प्रकारात अ‍ॅलर्जीचं गणित वेगळं असतं.

पहिला प्रकार, सीव्हीआयडी, म्हणजे कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी. नावात 'कॉमन' असलं तरी साधारण पंचवीस ते पन्नास हजारांत एकाला होणारा. यात आयजीजी खूप कमी, सोबत आयजीए किंवा आयजीएम किंवा दोन्ही कमी, आणि लस दिली तरी अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत. ताईला हाच निघाला. तिची आयजीजी २४० आली. मोठ्या माणसात साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असायला हवी. आयजीए ७ पेक्षाही कमी.

आता लक्ष द्या. आयजीजी, आयजीए आणि आयजीई एकाच कारखान्यात तयार होतात. कारखान्याचं यंत्र अडकलं तर आयजीईसुद्धा बनत नाही. म्हणून सीव्हीआयडीच्या बहुतेक रुग्णांमध्ये एकूण आयजीई इतकी कमी असते की यंत्राला मोजताच येत नाही. त्वचेवर थेंब टाकून करतात ती अ‍ॅलर्जीची टेस्टही निगेटिव्ह येते. तरी या लोकांना नाक चोंदतं, घरघर होते, दम्यासारखा त्रास होतो. तो त्रास खोटा नाही. अस्तराला वारंवार झालेल्या संसर्गामुळे, साचलेल्या कफामुळे तो होतो. पण तो आयजीईने घडवलेला नसतो. दिसायला अ‍ॅलर्जी, आतून वेगळंच.

दुसरा प्रकार, फक्त आयजीए कमी. हा सर्वांत जास्त आढळणारा. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे तीनशे ते सातशेंत एकाला, आशियाई लोकांत याहून कमी. यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, काही त्रासच नसतो. पण ज्यांना त्रास होतो त्यांच्यात सायनस-छातीची इन्फेक्शन्स आणि खरीखुरी अ‍ॅलर्जी या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. इथे आयजीई व्यवस्थित तयार होते. म्हणजे अ‍ॅलर्जीची टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि सगळं खापर तिच्यावर फुटतं.

तिसरा प्रकार जरा फसवा. आयजीजी, आयजीए, आयजीएम तिन्ही आकडे नॉर्मल, पण त्या साखरेच्या आवरणाविरुद्ध लागणारी नेमकी आयजीजी तयार होत नाही. माती आहे, पण या पैलवानाला चिकटणारी नाही. हे ओळखायला न्यूमोनियाची २३ प्रकारांवरची लस देतात. लसीआधी रक्त, आणि साधारण चार ते आठ आठवड्यांनी परत रक्त. अँटिबॉडी वाढल्या तर ठीक, नाही वाढल्या तर दोष सापडला. या लोकांतही अ‍ॅलर्जी असू शकते.

फाईलमधल्या दोन ओळी

निदान झाल्यावर एका रविवारी मी आणि ताई ती फाईल घेऊन बसलो. दोन कागद सापडले.

एक, ताई अडतीस वर्षांची असतानाची आयजीईची तपासणी. 'अ‍ॅलर्जी किती आहे बघू' म्हणून कुणीतरी लिहून दिली होती. निकाल २ युनिटपेक्षा कमी. तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं, "छान आहे, अ‍ॅलर्जी फारशी वाढलेली नाही." आम्ही खूश. आयजीई जास्त आली तर सगळे सावध होतात. शून्याच्या जवळ आली तर कुणी ढुंकून बघत नाही. नुसती आयजीई कमी असणं हा काही आजार नाही, हे खरं. निरोगी माणसातही क्वचित अशी येते. पण सतत इन्फेक्शन असलेल्या, 'अ‍ॅलर्जी' म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या माणसात ती मोजताच येत नसेल, तर दोन प्रश्न उभे राहायला हवेत. ही अ‍ॅलर्जी आहे तरी का? आणि बाकीच्या अँटिबॉडी किती आहेत?

दुसरा कागद त्याहून जुना, पहिल्या न्यूमोनियाच्या वेळचा. साधी लिव्हर फंक्शन टेस्ट. त्यात एकूण प्रथिनं ५.८, अल्ब्युमिन ४.२, आणि त्याखाली ग्लोब्युलिन १.६. शेजारी 'एल', म्हणजे लो. ग्लोब्युलिनचा मोठा हिस्सा अँटिबॉडींचा असतो. लिव्हर ठीक आहे, एवढं बघून कागद फाईलला लागला. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन मिळतं, बहुतेक लॅब तो आकडा छापूनच देतात. दोनच्या खाली असेल आणि इन्फेक्शनचा इतिहास असेल, तर अँटिबॉडी मोजायला सांगणं रास्त आहे.

ताई तो कागद हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सहा वर्षं हे घरातच होतं रे."

मंडळी, त्या सहा वर्षांची किंमत सांगतो. तिच्या एचआरसीटीत दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात ब्राँकिएक्टॅसिस निघाला. म्हणजे वारंवारच्या संसर्गाने श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल झाल्या, त्यात कफ साचतो. पुढचं नुकसान रोखता येतं. झालेलं भरून येत नाही. उशीर होऊ नये, असं मी सारखं म्हणतोय ते यासाठी.

'अ‍ॅलर्जी नसताना' ही अट

अमेरिकेतल्या जेफ्री मॉडेल फाउंडेशनने मोठ्यांसाठी धोक्याच्या दहा खुणांची यादी केली आहे, ती जगभर वापरतात. वर्षात दोन किंवा जास्त वेळा कानाचं नवं इन्फेक्शन. सलग काही वर्षं दरवर्षी न्यूमोनिया. वजन घटवणारे जुनाट जुलाब. अँटिबायोटिक वारंवार शिरेतून द्यावं लागणं. घरात कुणाला असा आजार असणं. त्यात एक खूण आहे सायनसची: वर्षात दोन किंवा जास्त वेळा सायनसचं नवं इन्फेक्शन, 'अ‍ॅलर्जी नसताना'.

ही अट घालण्यामागे कारण आहे. अ‍ॅलर्जीने नाकाचं अस्तर सुजतं, सायनसची तोंडं बंद होतात, आत द्रव साचतो आणि संसर्ग होतो. अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाच्या अँटिबॉडी तपासत बसलो तर हजारो लोकांना उगाच घोर लागेल. पण व्यवहारात काय होतं? एकदा कपाळावर 'अ‍ॅलर्जी'चा शिक्का बसला की ती खूण त्या माणसाला लागूच होत नाही. आणि आपण आत्ताच बघितलं, अ‍ॅलर्जी आणि अँटिबॉडीची कमतरता एकत्र राहू शकतात.

म्हणून माझ्या मते अट अशी समजून घ्यावी: अ‍ॅलर्जीवर नीट उपचार करा. फवारा योग्य पद्धतीने, रोज, दोन-तीन महिने. शिंका, खाज कमी झाली आणि इन्फेक्शनही थांबलं, तर उत्तर मिळालं. शिंका थांबल्या पण पू आणि ताप थांबले नाहीत, तर अ‍ॅलर्जीच्या पलीकडे बघायची वेळ आली. आणि एक्स-रेवर सिद्ध झालेला न्यूमोनिया दोनदा झाला असेल, तर तेवढंही थांबू नका.

काय तपासायचं?

पहिली पायरी साधी आहे: आयजीजी, आयजीए, आयजीएम आणि सोबत एकूण आयजीई. बहुतेक शहरांतल्या लॅबमध्ये होते, एका रक्ताच्या नमुन्यात. हिमोग्राम आणि लघवीतलं प्रोटीनही बघतात. डॉक्टरांना जाताना तीन गोष्टी लिहून न्या: गेल्या दोन वर्षांतले अँटिबायोटिकचे कोर्स तारखांसह, सगळे एक्स-रे, आणि आत्तापर्यंतची सगळी औषधं.

औषधं का? कारण आयजीजी कमी येण्याची इतर कारणंही असतात. दम्यासाठी वारंवार घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आयजीजी खाली आणतात. पंपातल्या स्टिरॉइडने सहसा असं होत नाही, तेव्हा पंपाला घाबरू नका. पण 'दम्यावर हमखास' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत. फिट्सची काही औषधं, रिटुक्सिमॅब, मूत्रपिंडातून प्रोटीन जाणं, रक्ताचे काही कॅन्सर, यांनीही अँटिबॉडी कमी होतात. तिथे उपचार मूळ कारणावर.

आणि आपल्याकडे टीबी आधी बघायलाच हवा. अँटिबॉडीची शंका आली म्हणून बेडका तपासायचा राहिला, असं होता कामा नये. काही अँटिबायोटिक्स टीबीला अर्धवट दाबून ठेवतात आणि निदान लांबतं, म्हणून मनाने कोर्स घेणं आणखी धोक्याचं.

पुढच्या सखोल तपासण्यांसाठी मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर तिथे काम चालतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मार्ग निघतो.

उपचार: दोन बाजू, दोन्ही सांभाळायच्या

अँटिबॉडीच्या बाजूने बघू. ज्यांची आयजीजी फार कमी आहे, त्यांना बाहेरून आयजीजी देतात. हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून ती तयार होते. मात्रा वजनावर: दर किलोला ४०० ते ६०० मिलिग्रॅम. ताई पन्नास किलोची, म्हणजे कमीत कमी वीस ग्रॅम, पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. शरीरात आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी परत. त्वचेखाली दर आठवड्याला घरीच घ्यायचा प्रकारही असतो. खर्च मोठा आहे, हे लपवत नाही. म्हणूनच ते कुणाला खरंच लागतं हे काटेकोर ठरवावं लागतं. फक्त आयजीए कमी असेल तर हे सहसा देत नाहीत. सौम्य कमतरता असेल तर लशी, वेळेवर अँटिबायोटिक आणि कधी आठवड्यातून तीन दिवस घ्यायची कमी मात्रेची गोळी एवढ्यावर भागतं.

बाहेरून दिलेली आयजीजी रक्तात फिरते, पण नाकाच्या अस्तरावरची आयजीए त्यातून मिळत नाही. त्यामुळे न्यूमोनिया थांबले तरी सर्दी, सायनस थोडंफार चालू राहू शकतं. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही.

आता अ‍ॅलर्जीची बाजू. पहिल्याच बाटलीला ताईला थंडी वाजली, डोकं प्रचंड दुखलं. आई घाबरून म्हणाली, "बघ, याचीही अ‍ॅलर्जी आली!" नर्सने शांतपणे थेंबांचा वेग कमी केला, अर्ध्या तासात ताई सावरली. अशा बहुतेक रिअ‍ॅक्शन वेगाशी आणि अंगात आधीच असलेल्या संसर्गाशी जोडलेल्या असतात. खरी तीव्र अ‍ॅलर्जी दुर्मीळ. पण श्वास अडकणं, अंगभर गांध्या उठणं, बीपी पडणं हे लगेच सांगायलाच हवं.

दुसरी गोष्ट पेनिसिलीनची. लहानपणी तापात अमॉक्सिसिलीन घेताना ताईच्या अंगावर पुरळ आलं होतं. तेव्हापासून प्रत्येक केसपेपरवर 'पेनिसिलीन अ‍ॅलर्जी'. वारंवार अँटिबायोटिक लागणाऱ्या माणसाला हा शिक्का महागात पडतो, कारण साधी, चांगली औषधं बंद होतात आणि जड औषधं दिली जातात. असा शिक्का असलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना नीट तपासल्यावर पेनिसिलीन चालतं, असं अनुभवास आलं आहे. लहानपणीचं पुरळ बऱ्याचदा त्या व्हायरसचंच असतं. ताईची तपासणी हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली झाली आणि शिक्का पुसला गेला. घरी मात्र हा प्रयोग कधीही करू नका.

रोजचं म्हणाल तर नाकाचा स्टिरॉइड फवारा, झोप न आणणारी नव्या पिढीची गोळी, आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलं घ्या, नळाचं थेट नको. छाती भरून येत असेल तर कफ बाहेर काढायचे श्वासाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. ताईला औषधांइतकाच त्यांचा फायदा झाला.

श्रोत्यांचे प्रश्न

*"माझी आयजीई ९०० आली. म्हणजे प्रतिकारशक्ती कमी आहे का?"* नाही. जास्त आयजीई बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी किंवा पोटातले जंत यांमुळे असते. पण दम्यासोबत ती खूप वाढलेली असेल, तपकिरी गुठळ्यांसारखा कफ पडत असेल, तर एबीपीए हा अ‍ॅस्परजिलस बुरशीशी संबंधित आजार तपासावा. आपल्याकडे त्यालाही टीबी समजण्याची चूक होते.

*"अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं घेऊ का?"* ती आयजीईवर चालणाऱ्या खऱ्या अ‍ॅलर्जीसाठी असतात. टेस्ट निगेटिव्ह असेल तर उपयोग नाही. आणि अँटिबॉडीची गंभीर कमतरता असेल तर दोन्ही तज्ज्ञांनी मिळून ठरवायचा विषय आहे.

*"लशी चालतात का?"* मृत लशी, म्हणजे फ्लूची इंजेक्शनची लस, न्यूमोनियाची लस, चालतात. जिवंत लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. घरातल्यांनी फ्लूची लस घेतली तर रुग्णाभोवती कुंपण तयार होतं.

*"काढ्याने अँटिबॉडी वाढतील का?"* ज्या कारखान्याचं यंत्रच अडकलंय तो काढ्याने सुरू होत नाही. घशाला बरं वाटतं म्हणून आल्याचा चहा घ्या, पण त्यापायी तपासणी लांबवू नका.

जाता जाता

ताईचे उपचार सुरू होऊन दोन वर्षं होतील. पहिल्या वर्षी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, या वर्षी आत्तापर्यंत एक. न्यूमोनिया नाही. शिंका अजून येतात, खडूची धूळ अजून त्रास देते. ती हसून म्हणते, "आता शिंक आली की नुसती शिंकच येते."

शिंका येणाऱ्या प्रत्येकाने घाबरावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. बहुतेकांना साधी अ‍ॅलर्जीच असते. पण तुमच्या घरात कुणी वर्षाला चार-पाच अँटिबायोटिकचे कोर्स घेतंय, न्यूमोनिया होऊन गेलाय आणि उत्तर दर वेळी 'अ‍ॅलर्जी' एवढंच मिळतंय, तर या रविवारी फाईलचं रबर काढा. ग्लोब्युलिनची ओळ शोधा. कोर्स मोजा. आणि डॉक्टरांना एकच विचारा: "हिच्या अँटिबॉडी एकदा मोजूया का?"

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!